विश्लेषण : स्कॉटलंडचा कर जास्त की इंग्लंडची फी? एकाच देशातले दोन हिशेब

वर्षाला ५०,००० पौंड पगार असलेली व्यक्ती स्कॉटलंडमध्ये राहत असेल, तर तिला इंग्लंडमधल्या तेवढ्याच पगाराच्या व्यक्तीपेक्षा सुमारे १,५२८ पौंड जास्त प्राप्तिकर भरावा लागतो. हा २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशेब आहे. देश एक, चलन एक, पासपोर्ट एक आणि कर गोळा करणारे खातेही एकच. पण त्याच स्कॉटलंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांना विद्यापीठाची फी नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधांना पैसे नाहीत आणि २२ वर्षांखालच्या मुलांना बसप्रवास मोफत आहे. मग फायद्यात कोण? ब्रिटनमध्ये हा वाद प्रत्येक अर्थसंकल्पानंतर रंगतो. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा एक आकडा पुढे करतात. पूर्ण हिशेब मांडला की उत्तर बदलते, आणि ते प्रत्येकासाठी वेगळे निघते.

एकाच देशात दोन कर कसे?

युनायटेड किंग्डम म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचा संघ. इंग्लंड आणि स्कॉटलंड १७०७ मध्ये एक झाले, तरी स्कॉटलंडची न्यायव्यवस्था आणि शिक्षणपद्धती वेगळीच राहिली. १९९८ च्या स्कॉटलंड कायद्याने तिथे स्वतंत्र संसद आली आणि १९९९ पासून आरोग्य, शिक्षण, स्थानिक वाहतूक असे विषय एडिनबराकडे गेले.

खर्चाचे अधिकार आले, पण कराचे अधिकार हळूहळू मिळाले. २०१२ च्या कायद्यानुसार घरखरेदीवरचा कर २०१५ पासून स्कॉटलंडकडे आला. २०१६ च्या कायद्यानंतर एप्रिल २०१७ पासून पगार, पेन्शन, घरभाडे अशा उत्पन्नावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे ठरवण्याचा अधिकार मिळाला. भारतात प्राप्तिकराचे दर केंद्र ठरवते आणि ते सगळ्या राज्यांत सारखे असतात. स्कॉटलंडमध्ये तसे नाही.

मात्र हा अधिकार अर्धाच आहे. १२,५७० पौंडांपर्यंतचे करमुक्त उत्पन्न लंडन ठरवते. व्याज आणि लाभांशावरचा कर, भांडवली नफ्यावरचा कर, व्हॅट, कंपनीकर आणि ‘नॅशनल इन्शुरन्स’ ही पगारातून कापली जाणारी वर्गणी, हे सगळे लंडनच्याच हातात आहे.

प्राप्तिकरात नेमका फरक किती?

इंग्लंडमध्ये तीन टप्पे आहेत. १२,५७० च्या वर ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के, तिथून १,२५,१४० पर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे ४५ टक्के.

स्कॉटलंडमध्ये २०२५-२६ मध्ये सहा टप्पे आहेत. १५,३९७ पौंडांपर्यंत १९ टक्के, २७,४९१ पर्यंत २० टक्के, ४३,६६२ पर्यंत २१ टक्के, ७५,००० पर्यंत ४२ टक्के, १,२५,१४० पर्यंत ४५ टक्के आणि त्यापुढे ४८ टक्के.

या दरांनी वर्षभराचा कर असा निघतो :

२०,००० पौंड उत्पन्न : इंग्लंडमध्ये १,४८६, स्कॉटलंडमध्ये १,४५८. स्कॉटलंडमध्ये २८ पौंड कमी.

३५,००० पौंड उत्पन्न : इंग्लंडमध्ये ४,४८६, स्कॉटलंडमध्ये ४,५३३. स्कॉटलंडमध्ये ४७ पौंड जास्त.

५०,००० पौंड उत्पन्न : इंग्लंडमध्ये ७,४८६, स्कॉटलंडमध्ये ९,०१४. स्कॉटलंडमध्ये १,५२८ पौंड जास्त.

१,००,००० पौंड उत्पन्न : इंग्लंडमध्ये २७,४३२, स्कॉटलंडमध्ये ३०,७६४. स्कॉटलंडमध्ये ३,३३२ पौंड जास्त.

यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, साधारण ३०,३०० पौंडांच्या खालच्या उत्पन्नावर स्कॉटलंडमध्ये कर किंचित कमी आहे. ‘स्कॉटलंडमध्ये सगळ्यांनाच जास्त कर’ हे विधान त्यामुळे चुकीचे ठरते. पण ही सवलत वर्षाला जास्तीत जास्त २८ पौंडांची आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट, खरा फरक दरांपेक्षा टप्प्यांमुळे पडतो. ४० आणि ४२ टक्क्यांत अंतर फक्त दोन टक्क्यांचे आहे. पण स्कॉटलंडमध्ये वरचा दर ४३,६६२ पौंडांनंतर लगेच लागतो आणि इंग्लंडमध्ये तो ५०,२७० नंतर लागतो. या मधल्या पट्ट्यात नॅशनल इन्शुरन्सचे ८ टक्केही कापले जातात. त्यामुळे स्कॉटलंडमधली अनुभवी नर्स किंवा शिक्षक या पट्ट्यात पोहोचले की पगारवाढीच्या प्रत्येक १०० पौंडांतले ५० पौंड हातात येत नाहीत. इंग्लंडमध्ये त्याच १०० पौंडांतले २८ जातात. सर्वात जास्त तक्रार याच पट्ट्यातून येते.

कुटुंबाचा हिशेब वेगळा का निघतो?

ब्रिटनमध्ये प्राप्तिकर कुटुंबावर नाही, व्यक्तीवर आहे. एका घरात एकच जण ५०,००० पौंड कमावतो, तर स्कॉटलंडमध्ये त्या घराला १,५२८ पौंड जास्त कर पडतो. शेजारच्या घरात नवरा-बायको प्रत्येकी २५,००० पौंड कमावतात. या घराचे एकूण उत्पन्न तेवढेच, पण इंग्लंडच्या तुलनेत त्यांना दोघांचे मिळून सुमारे ५७ पौंड कमी भरावे लागतात. म्हणून ‘५०,००० उत्पन्नाचे कुटुंब’ असे म्हणून केलेली तुलना अपुरी असते. घरात कमावते किती, हे आधी विचारायला हवे.

स्कॉटिश करदाता कोण?

हे नोकरीच्या ठिकाणावर नाही, मुख्य घर कुठे आहे यावर ठरते. जन्म किंवा वंशाचाही संबंध नाही. बेरिक-अपॉन-ट्वीड हे इंग्लंडमधले गाव सरहद्दीपासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथे राहून रोज रेल्वेने एडिनबराला कामाला जाणारा माणूस इंग्लंडच्या दराने कर भरतो. स्कॉटलंडमध्ये राहून बेरिकला काम करणारा स्कॉटलंडच्या दराने. स्कॉटिश करदात्याच्या पगारपत्रकावरचा टॅक्स कोड ‘एस’ अक्षराने सुरू होतो, वेल्समधल्याचा ‘सी’ अक्षराने. वेल्सलाही २०१९ पासून दर बदलण्याचा मर्यादित अधिकार आहे, पण तिथल्या सरकारने दर इंग्लंडइतकेच ठेवले आहेत.

लाभांशावर लंडनचा दर लागतो, याचाही परिणाम होतो. स्वतःच्या छोट्या कंपनीचा मालक पगार कमी आणि लाभांश जास्त घेऊन स्कॉटलंडच्या वाढीव दरातून बराचसा सुटू शकतो. पगारदाराला ती सोय नाही.

प्राप्तिकराशिवाय आणखी काय?

घर घेताना लागणाऱ्या करातही हाच कल दिसतो, म्हणजे खाली सवलत आणि वर जास्त भार. राहण्यासाठी २ लाख पौंडांचे घर घेतले तर इंग्लंडमध्ये १,५०० आणि स्कॉटलंडमध्ये १,१०० पौंड कर. घर ४ लाखांचे असेल तर इंग्लंडमध्ये १०,००० आणि स्कॉटलंडमध्ये १३,३५०. पहिले घर घेणाऱ्यांना दोन्हीकडे काही वेगळ्या सवलती आहेत.

कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, याच्या बाबतीत मात्र स्कॉटलंड स्वस्त आहे. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘बँड डी’ या मधल्या गटाचा सरासरी कर सुमारे २,२८० पौंड होता. स्कॉटलंडमध्ये तो १,५०० च्या थोडा वर होता. ही तुलना तंतोतंत नाही, कारण दोन्हीकडे बँडच्या किमतींच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि स्कॉटलंडमध्ये पाणीपट्टीची रक्कम याच बिलासोबत स्वतंत्र येते. तरीही जास्तीच्या प्राप्तिकरातला काही भाग इथे भरून निघतो, हे तुलना करताना सहसा विसरले जाते.

जास्त कराच्या बदल्यात काय मिळते?

औषधे : इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये हे शुल्क रद्द केले. मात्र इंग्लंडमध्येही लहान मुले, साठीच्या पुढचे आणि कमी उत्पन्नाचे अनेक जण यातून वगळलेले आहेत. ज्यांना कायम औषधे लागतात ते वर्षाला ११४.५० पौंड भरून हवी तितकी औषधे घेऊ शकतात. म्हणजे या सवलतीची किंमत एका माणसामागे फार तर तेवढीच.

बस : स्कॉटलंडमध्ये २२ वर्षांखालच्या मुलांना जानेवारी २०२२ पासून बस मोफत आहे आणि साठीपासून पुन्हा मोफत. इंग्लंडमध्ये ज्येष्ठांचा पास सर्वसाधारणपणे पेन्शनच्या वयाला मिळतो.

वृद्धांची शुश्रूषा : अंघोळ, कपडे, जेवण अशा वैयक्तिक कामांसाठी लागणारी मदत स्कॉटलंडमध्ये २००२ पासून ज्येष्ठांना आणि २०१९ पासून त्याहून लहान गरजूंनाही मोफत आहे. गरज तपासली जाते, संपत्ती नाही. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त संपत्ती असेल तर हा खर्च साधारणपणे स्वतः करावा लागतो. अर्थात वृद्धाश्रमातल्या राहण्या-जेवण्याचा खर्च स्कॉटलंडमध्येही ऐपतीनुसारच ठरतो.

गरीब मुलांसाठी मदत : ‘स्कॉटिश चाइल्ड पेमेंट’ फेब्रुवारी २०२१ मध्ये आठवड्याला १० पौंडांपासून सुरू झाले. २०२५-२६ मध्ये ते २७.१५ पौंड होते. त्या दराने १६ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे वर्षाला सुमारे १,४१२ पौंड होत. इंग्लंडमध्ये असे काही नाही. पण ही मदत ‘युनिव्हर्सल क्रेडिट’सारखे भत्ते मिळणाऱ्या घरांनाच आहे. उत्पन्न थोडे वाढून तो भत्ता बंद झाला की ही सगळी रक्कमही एकदम बंद होते.

विद्यापीठाची फी : कराचेच दुसरे रूप?

सर्वात मोठा फरक इथे आहे. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी पदवीची फी वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत आहे. तीन वर्षांचे २८,००० हून जास्त होतात. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्याची फी सरकार भरते.

इंग्लंडमधला बहुतेक विद्यार्थी ही फी सरकारी कर्जातून भरतो. परतफेड पगारातून, कराबरोबरच कापली जाते. ऑगस्ट २०२३ पासून प्रवेश घेतलेल्यांना वर्षाला २५,००० पौंडांच्या वरच्या उत्पन्नाचे ९ टक्के, जास्तीत जास्त ४० वर्षे भरायचे आहेत. म्हणजे ३५,००० पौंड पगार असेल तर वर्षाला ९०० पौंड. याच पगारावर स्कॉटलंडमधला जास्तीचा प्राप्तिकर ४७ पौंड आहे. ५०,००० पगारावर कर्जाचा हप्ता २,२५० पौंड आणि जास्तीचा कर १,५२८.

हा हप्ता कर म्हणून मोजला जात नाही, त्यामुळे कराच्या तक्त्यात तो दिसत नाही. पदवीधर तरुणाच्या हातात येणाऱ्या पगारात मात्र तो दिसतो.

तरीही चित्र एकतर्फी नाही. स्कॉटलंडमधले विद्यार्थीही राहण्या-खाण्यासाठी कर्ज काढतात. त्यांची परतफेड २०२५-२६ मध्ये ३२,७४५ पौंडांच्या वरच्या उत्पन्नावर ९ टक्के आहे. तिथली ऑनर्स पदवी चार वर्षांची असते, म्हणजे खर्चाचे एक वर्ष जास्त. सरकार फी भरते म्हणून स्थानिक विद्यार्थ्यांच्या जागांनाही मर्यादा आहे. आणि जो माणूस विद्यापीठात गेलाच नाही, उदाहरणार्थ जास्त कमाई असलेला प्लंबर, तो जास्तीचा कर भरतो आणि फीमाफीचा लाभ त्याला स्वतःला मिळत नाही.

इंग्लंड कुठे पुढे आहे?

लहान मुलांच्या सांभाळात. सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांच्या मुलाला नऊ महिन्यांपासून आठवड्याला ३० तास पाळणाघराचा खर्च सरकार उचलते. ही सोय वर्षाचे ३८ आठवडे असते आणि दोघांपैकी एकाचेही उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर गेले तर ती जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला तेवढेच १,१४० तास मिळतात, पण ते तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना आणि दोन वर्षांच्या काहीच मुलांना. आईवडील नोकरी करतात की नाही हे तिथे पाहिले जात नाही. म्हणजे वर्षाचे मूल असलेल्या नोकरदार जोडप्याला इंग्लंड स्वस्त पडते आणि आई किंवा वडील घरी असलेल्या चार वर्षांच्या मुलाला स्कॉटलंडमध्ये जास्त मिळते.

‘मोफत’चे पैसे येतात कुठून?

यावर दोन ठरावीक उत्तरे ऐकू येतात. ‘स्कॉटलंड स्वतःच्या करातून देतो’ आणि ‘इंग्लंडच्या पैशावर स्कॉटलंडची चैन’. दोन्ही अर्धवट आहेत.

स्कॉटलंडच्या सरकारला लंडनकडून एकरकमी अनुदान मिळते, त्याला ‘ब्लॉक ग्रँट’ म्हणतात. त्यातली दरवर्षीची वाढ ‘बार्नेट सूत्रा’ने ठरते. १९७० च्या दशकाच्या शेवटी अर्थखात्यातले मंत्री जोएल बार्नेट यांच्या काळात हे सूत्र आले. इंग्लंडमध्ये आरोग्यावरचा खर्च १०० कोटी पौंडांनी वाढला, तर लोकसंख्येच्या प्रमाणात स्कॉटलंडला साधारण साडेनऊ कोटी मिळतात. हे पैसे आरोग्यावरच खर्च करण्याचे बंधन नाही. सूत्र फक्त वाढीला लागू होते आणि मूळ रक्कम आधीपासून मोठी होती. म्हणून स्कॉटलंडमधला दरडोई सरकारी खर्च आजही इंग्लंडपेक्षा बराच जास्त आहे. विरळ वस्ती आणि बेटांवरच्या सेवांचा खर्च, हे त्याचे एक समर्थन दिले जाते.

प्राप्तिकर स्कॉटलंडकडे गेल्यापासून या अनुदानातून एक रक्कम वजा होते. उर्वरित ब्रिटनमध्ये करवसुली दरडोई जशी वाढली तशीच स्कॉटलंडमध्ये वाढली असती तर किती कर जमा झाला असता, असा तो हिशेब आहे. समजा ही वजावट १०० रुपये आहे आणि स्कॉटलंडने वाढीव दराने १०८ गोळा केले, तर हातात ८ रुपये जास्त राहतात. पण स्कॉटलंडमधले पगार आणि रोजगार इतरांपेक्षा हळू वाढले आणि वसुली १०३ वरच थांबली, तर लोकांनी वाढीव दराने कर भरूनही हातात तीनच उरतात. प्रत्यक्षात असेच काहीसे घडले आहे. स्कॉटलंडमधल्यांनी भरलेला जास्तीचा कर मोठा आणि अर्थसंकल्पाला झालेला निव्वळ फायदा त्याहून बराच कमी आहे. शिवाय सुरुवातीचे आकडे अंदाजाचे असतात. खरे आकडे आल्यावर काही वर्षांनी फरक चुकता करावा लागतो.

म्हणून ‘मी जास्त भरलेले १,५२८ पौंड माझ्या मुलाच्या फीसाठी गेले’ असा सरळ हिशेब लावता येत नाही. सेवांचा मोठा भाग अनुदानातून येतो, थोडा वाढीव करातून. आणि एका ठिकाणी जास्त खर्च केला की दुसरीकडे हात आखडावा लागतो.

भारतातून जाणाऱ्यांना काय लागू होते?

कामाच्या व्हिसावर पुणे-मुंबईहून ग्लासगोला गेलेल्या इंजिनीअरला मुख्य घर तिथे झाले की स्कॉटलंडचे दर लागू होतात. त्यात वेगळी सवलत नाही. त्याखेरीज प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार व्हिसा घेतानाच भरावा लागतो. मोफत औषधे त्याला मिळतात, मुलांना बसचा पासही मिळतो. पण व्हिसावर ‘सरकारी मदतीचा हक्क नाही’ अशी अट असल्याने चाइल्ड पेमेंटसारखे भत्ते साधारणपणे मिळत नाहीत. शिक्षणासाठी गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना स्कॉटलंडची फीमाफी लागू नाही, त्यांना परदेशी विद्यार्थ्यांची पूर्ण फी पडते.

या नियमातली एक गंमत अशी, की ब्रेक्झिटपूर्वी फ्रान्स किंवा पोलंडच्या विद्यार्थ्याला स्कॉटलंडमध्ये फी नव्हती, पण इंग्लंडच्या विद्यार्थ्याला होती. युरोपीय कायद्याने दुसऱ्या सदस्य देशाच्या नागरिकाशी भेदभाव करता येत नव्हता, पण एकाच देशातल्या दोन भागांत फरक करता येत होता. युरोपीय विद्यार्थ्यांची ही सवलत २०२१ पासून नव्या प्रवेशांसाठी संपली. इंग्लंडचा विद्यार्थी तिथे आजही फी भरतो.

मग फायद्यात कोण?

कमी उत्पन्नाचे आणि शाळकरी मुले असलेले घर, पदवी घेणारा स्थानिक तरुण आणि शुश्रूषेची गरज असलेले पण थोडीफार बचत असलेले वृद्ध यांना स्कॉटलंडमध्ये ठळक लाभ आहे. मुले नसलेला, ४५,००० पौंडांच्या वर पगार असलेला माणूस आणि एक-दोन वर्षांच्या मुलाचे नोकरदार आईवडील यांना इंग्लंड स्वस्त पडते. मधल्या उत्पन्नाच्या बहुतेक लोकांना प्राप्तिकरातला फरक वर्षाला काही दहा पौंडांचाच आहे.

पण हे सगळे एकाच वर्षाचे चित्र आहे. आज जास्त कर भरणारा चाळिशीतला माणूस वीस वर्षांपूर्वी फी न भरता शिकलेला असू शकतो आणि चाळीस वर्षांनी त्यालाच मोफत शुश्रूषा लागू शकते. दुसरीकडे, शिकून इंग्लंडला गेलेला तरुण स्कॉटलंडला तो कर कधीच देत नाही आणि निवृत्तीनंतर उत्तरेला राहायला आलेली इंग्रज व्यक्ती कमावत्या वर्षांत तिथे काहीही न भरता सेवा घेते. दोन्हीकडे मोकळेपणाने राहता येणाऱ्या संघात हे टाळता येत नाही. त्यामुळे तुलना करताना पगाराच्या आकड्यासोबत वय, घरातले कमावते, मुलांची वये आणि किती वर्षे तिथे राहणार, एवढे तरी मांडावे लागते. त्याशिवाय काढलेला कोणताही एक आकडा कोणाच्या तरी सोयीचा असतो.